लीलाबाई समरीत विरुद्ध कंपनी

लीलाबाई समरीत चिडल्या की शुद्ध मराठी बोलत.

एरवी त्यांची बोली आंबागडची. किल्ल्याखालच्या त्या गावात त्या वाढल्या, आणि तुमसरला येऊन टंकलेखनाची संस्था काढली तरी ‘मले-तुले’ त्यांनी सोडलं नाही. “काहून वो, बोटं का भाड्यानं आनले?” असं त्या एखाद्या पोरीला म्हणाल्या, तर ती हसून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करी. पण “आपण कृपया उठावे” एवढं त्यांच्या तोंडून निघालं, की वर्गातल्या सगळ्या मशिनी एका दमात गप्प होत. सरकारी पत्रातला तो ‘कृपया’ ऐकून भलेभले मुकाट उठत. मी दिवसा तुमसरच्या कोर्टात लघुलेखक होते आणि संध्याकाळी लीलाबाईंकडे लघुलेखन शिकवायची. कोर्टात माणसं एकमेकांवर ओरडताना मी रोजच ऐकत होते. पण राग किती सरळ उभा राहू शकतो, ते मी त्यांच्याकडे पाहिलं.

संस्था म्हणजे धानाच्या गिरणीला लागून असलेली माडीवरची लांबोडकी खोली. गिरणी सुरू झाली की कोंडा उडायचा आणि खिडकी बंद असली तरी कुठून ना कुठून आत शिरायचा. लीलाबाईंचा अर्धा जीव त्या कोंड्याशी भांडण्यात जाई. प्रत्येक मशीनला त्यांनी जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं होतं, आणि आपली मशीन पुसून झाकल्याशिवाय कुणाला घरी जायची मुभा नव्हती. टेबलाला सुतळीनं नेलकटर बांधलेलं असे. नवी मुलगी आली की तिचा पहिला धडा नखं कापण्याचा. कळांकडे बघून टाइप करणाऱ्या मुलीच्या हातांवर त्या पंचा टाकत आणि म्हणत, “डोये कागदावर ठेव. बोटाईले त्यायचा रस्ता मालूम हाय.” घाई आणि चूक या सख्ख्या बहिणी आहेत, एकीला बोलावलं की दुसरी येतेच, हे तर त्यांच्याकडे शिकलेला प्रत्येक माणूस अजून म्हणत असेल.

शिकायला यायच्या त्यात निम्म्याहून जास्त शेतकऱ्यांच्या मुली. आंबागडहून, बपेऱ्याहून, नदीकाठच्या गावांतून. कुणी एसटीनं, कुणी भावाच्या सायकलवर मागे बसून. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली की वर्ग रिकामा व्हायचा, आणि परत आल्या की त्यांची बोटं चिखलानं फुगलेली, कळांवर जड पडायची. लीलाबाई मग आठवडाभर वेगाचं नाव काढत नसत. मॅट्रिक आणि मराठी टायपिंगचा दाखला, एवढ्या दोन कागदांवर तेव्हा तहसीलमध्ये, पंचायत समितीत, कोर्टात नोकरी लागत होती. लग्नाआधी मुलीला दुसरं एखादं दार दिसायचं, ते हेच.

त्यांचे यजमान रामभाऊ मॅंगनीजच्या खाणीच्या ऑफिसात कारकून होते. अगदी अबोल माणूस. संध्याकाळी येऊन सगळ्या वर्गाला चहा करायचे. लीलाबाईंचा संसार कसा होता, त्यांना मूल का नव्हतं, हे मी कधी विचारलं नाही. दोघांचं एकमेकांशी बोलणं फार नसे, पण बाईंनी नुसता हात मागे केला तरी रामभाऊ त्यात स्क्रू ड्रायव्हर ठेवायचे.

परीक्षा भंडाऱ्याला असे आणि मशिनी आपल्या आपण न्याव्या लागत. इतर संस्थांची यंत्रं हातगाड्यांवरून, एसटीच्या टपावरून जायची. लीलाबाईंना ते मान्य नव्हतं. त्या प्रत्येक मुलीला आपापली मशीन मांडीवर घेऊन बसायला लावत. भंडाऱ्याच्या गाडीत ओळीनं बसलेल्या पोरी, मांडीवर लुगड्याच्या झाकणातलं ओझं, आणि दारात उभ्या लीलाबाई, खड्डा आला की ड्रायव्हरला हाक देणाऱ्या. एकदा एका कंडक्टरनं प्रत्येक मशीनला सामानाचं तिकीट मागितलं. बाई शुद्ध मराठीत बोलल्या. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

आता कंपनीबद्दल.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ती आता पूर्वीची राहिलेली नाही, आणि तेव्हाही तिला नावाची गरज नव्हती. ‘कंपनी’ म्हटलं की पुरे. देशभरात ऑफिसांतून तिचीच यंत्रं होती, आणि मराठी कळपाटाची मशीन घ्यायची तर तिच्याशिवाय जवळपास कुणी नव्हतं. त्याचा पुरेपूर फायदा कसा घ्यायचा, हे तिला ठाऊक होतं. मराठी मशीन पाहिजे? मग एक इंग्रजीही घ्या, जी तुमसरमध्ये कुणी शिकणार नव्हतं. सुटे भाग पाहिजेत? मग वर्षाचा दुरुस्तीचा करार आमच्याशीच करा. करार केला की नागपूरचा मेकॅनिक येणार कधी? त्याच्या सवडीनं. मध्येच काही बिघडलं आणि तुम्ही दुसऱ्या कुणाकडून नीट करून घेतलं, तर करार संपला, भाग बंद.

गोंदियाचे हमीदभाई पूर्वी त्या कंपनीतच मेकॅनिक होते. ती नोकरी सोडून ते स्वतःच दुरुस्ती करत फिरू लागले. आल्याबरोबर दोन कप चहा, मग अख्ख्या जिल्ह्याच्या बातम्या, आणि मग कुठे पेटी उघडायची, असा त्यांचा क्रम. लीलाबाई त्यांच्या गप्पांना वैतागत, पण मशीन त्यांच्याच हातात देत. कंपनीनं हमीदभाईंना सुटे भाग विकायचे नाहीत, असं नागपूरच्या वितरकाला सांगितलं होतं. मग ते जुन्या, मोडीत निघालेल्या मशिनींतून भाग काढून आणायचे. आपल्या पैशानं घेतलेल्या वस्तूसाठी चोरबाजार केल्यासारखं वागावं लागायचं. मला अजून त्याचा संताप येतो.

आणीबाणी उठली त्या सुमाराला पुण्याकडच्या एका छोट्या कारखान्यानं मराठी मशीन काढली. लीलाबाईंनी तिच्या दोन घेतल्या. कळपाट तोच, किंमत कमी, आणि भाग मागाल त्याला मिळत. झालं. पुढच्या वेळी त्यांनी नागपूरला भागांची मागणी पाठवली, तर उत्तर आलं की आपल्या संस्थेचा पुरवठा स्थगित आहे.

आम्ही दोघी नागपूरला गेलो. कंपनीचे विभागीय अधिकारी टिपणीस म्हणून होते. गोरेपान, मृदू आवाजाचे, समोरच्याला आधी पाणी विचारणारे. त्यांनी चढा शब्द काढला नाही. ते म्हणाले की कंपनी म्हणजे एक कुटुंब असतं, आणि एकाच छपराखाली दोन घरची भांडी बरी दिसत नाहीत. ती दोन यंत्रं हलवा, त्याच दिवशी भाग पाठवतो.

“परीक्षा जवळ आहे,” मी म्हटलं.

“म्हणूनच सांगतोय,” टिपणीस म्हणाले.

लीलाबाई उठल्या. म्हणाल्या, “आपण आमच्या अडचणीची वेळ उत्तम निवडली आहे. हे आम्ही लक्षात ठेवू.” आणि पाणी न पिता जिना उतरल्या. 

त्या वर्षीच्या मुलींत सुमन गभने होती. आंबागडचीच, बाईंच्या माहेरच्या गल्लीतली. बारीक, सावळी, एकदा बसली की शेजारी साप निघाला तरी मान न वळवणारी. तहसील कार्यालयात जागा निघणार होती, आणि सुमनच्या बापानं, गभने पाटलांनी, शब्द दिला होता की पोरगी पास झाली तर लग्नाचं बोलणं पुढे ढकलतो. नाहीतर बपेऱ्याचं स्थळ ठरल्यातच जमा होतं. नेहमी आम्ही भंडाऱ्याला एक जादा मशीन नेत असू. त्या वर्षी दोन मशिनी भागांवाचून पडून होत्या, त्यामुळे जादा काही नव्हतं. हमीदभाईंनी उरलेल्यांना कसंबसं कथलाचा डाग देऊन, जुळवून चालतं केलं होतं. सुमनच्या वाट्याला त्यातलीच एक आली.

परीक्षेत उताऱ्याच्या दुसऱ्याच परिच्छेदात तिच्या मशीनचा पहिल्या वेलांटीचा टाइप, तो धातूचा ठसा, डाग सुटून उडाला. सुमननं हात वर केला. पर्यवेक्षकांनी बदली मशीन आहे का विचारलं. नव्हती. मग ती तशीच टाइप करत राहिली. शिकवलेलंच तसं होतं, की काही झालं तरी थांबायचं नाही. तो कागद नंतर मी पाहिला नाही, पण कसा असेल ते मला दिसतं. नियम नाही, ‘नयम’. विभाग नाही, ‘वभाग’. निकाल नाही, ‘नकाल’. बोटं प्रत्येक वेळी बरोबर कळीवर पडलेली, आणि कागदावर प्रत्येक वेळी एक चूक.

ती नापास झाली.

निकाल लागल्यावर लीलाबाई मला घेऊन आंबागडला गेल्या. सुमनला पुढच्या परीक्षेला बसू द्या, सगळं मी पाहते, असं त्यांना गभने पाटलांना सांगायचं होतं. पाटलांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, गुळाचा चहा दिला. सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, “बाई, तुमचं भांडन कंपनीशी. वर्ष कोनाचं गेलं? माह्या पोरीचं. त्या दोन मशिनी दोन महिने घरी नेऊन ठेवल्या असत्या, त तुमचं काय गेलं असतं जी?”

लीलाबाईंनी कप खाली ठेवला आणि उठल्या.  सुमन दाराच्या आड उभी होती. ती बाहेर आली नाही.

परत येताना तळ्याच्या मातीच्या पाळीवरून चालत होतो. बाई मध्येच थांबल्या. म्हणाल्या, “नलू, तो खरं बोलून राहिला.” मी काही समजुतीचं बोलायला गेले, तर त्यांनी हातानं थांबवलं. “खरं बोलून राहिला, पन पुरं नाही. त्या दोन मशिनी मी हटवल्या असत्या, त पुढच्या साली त्यायनं दुसरं काही सांगतलं असतं. पोरीचा गळा पकडून मले वाकवाले पाहतेत हे लोक. अन् बाप मले इचारते का तू वाकली काहून नाही.”

सुमनचं लग्न त्याच उन्हाळ्यात बपेऱ्याला झालं. लीलाबाई लग्नाला गेल्या, पंगतीत जेवल्या नाहीत.

बड्या कंपन्यांनी बाजार मुठीत धरू नये म्हणून दिल्लीत एक आयोग आहे, ही गोष्ट त्यांना माझ्या कोर्टातल्या भुरे वकिलांनी सांगितली. वकिलांनी ती गमतीनं सांगितली होती. तुमसरच्या एका टायपिंगच्या बाईनं दिल्लीला तक्रार करावी, अशी त्यांची कल्पनाही नव्हती. बाईंनी मजकूर तयार केला, वकिलांनी कायद्याची कलमं घातली, आणि तक्रार त्यांनी स्वतः टाइप केली. पुण्याच्या मशीनवर. दोन्ही वेलांट्या शाबूत असलेल्या.

भुरे वकील म्हणाले, आणखी चार-दोन संस्थांच्या सह्या असतील तर वजन पडेल. मग लीलाबाईंनी जिल्हा पालथा घातला. भंडारा, गोंदिया, पवनी, अड्याळ. सगळ्यांची कंपनीकडून तीच पिळवणूक चालली होती. सगळ्यांनी आम्हाला बसवलं, पोहे दिले, कंपनीला आमच्यापेक्षा जास्त शिव्या दिल्या. आणि कागद पुढे केला की प्रत्येकाला काहीतरी आठवलं. कुणाला भावाला विचारायचं होतं. कुणी म्हणालं, आमची नवी मशीन येणार आहे, तेवढी येऊ द्या. गोंदियाच्या एका मोठ्या संस्थेचे मालक मला बाजूला घेऊन म्हणाले की बाईंना समजवा, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. त्यांच्या भिंतीवर कंपनीनं दिलेलं भलंमोठं कॅलेंडर टांगलेलं होतं.

एकही सही मिळाली नाही. लीलाबाईंनी एकटीच्या सहीनं तक्रार धाडली.

काही महिन्यांनी टिपणीस स्वतः तुमसरला आले. माडीचा जिना चढून, रुमालानं कोंडा झटकत. पोरी वर्गात होत्या. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की झालं ते झालं, कंपनी एक नवीकोरी मशीन संस्थेला भेट देईल, भागांची आयुष्यभर चिंता नको. फक्त दिल्लीचं ते प्रकरण मागे घ्यायचं.

लीलाबाईंनी कोपऱ्यातल्या एका मशीनवरचं झाकण काढलं. सुमनची. ती त्यांनी दुरुस्त करून घेतली नव्हती. तिच्यात कागद सरकवला, स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाल्या, “आपण येथे बसावे, आणि आपले शुभनाम टंकित करावे.”

टिपणीस हसले. बाई हसल्या नाहीत.  शेवटी टिपणीसांनी बसून एका बोटानं, कळा शोधत शोधत, नाव टाइप केलं. बाईंनी कागद ओढून काढला आणि मोठ्यानं वाचला. “टपणीस.” मागून एक पोरगी फिसकन हसली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, ती गप्प झाली.

“माझी विद्यार्थिनी सर्वांसमोर पूर्ण वेळ असेच टंकित करीत होती,” लीलाबाई म्हणाल्या. “आपण एकदाच केले. हा कागद आपण सोबत न्यावा.”

टिपणीसांनी तो घडी घालून खिशात ठेवला. ते वाईट माणूस होते असं मला आजही वाटत नाही. पण जिना उतरून ते थेट गोंदियाला गेले, आणि तिथून पुढे हमीदभाईंना सगळ्या संस्थांनी बोलावणं बंद केलं. वर्षभरात हमीदभाई घर मोडून रायपूरला मेव्हण्याकडे निघून गेले. जाताना बाईंना भेटायला आले. त्या दिवशी त्यांनी एकही बातमी सांगितली नाही.

मग दिल्लीहून चौकशीला अधिकारी आला. तरुण, हिंदी बोलणारा, उन्हानं लाल झालेला. त्यानं मशिनी पाहिल्या, माझंही म्हणणं घेतलं, आणि सुमनचा जबाब घ्यायला बपेऱ्याला जायचं ठरलं. बरोबर लीलाबाई, मी आणि रामभाऊ. सुमनच्या सासरी दारातच दीर आडवा आला. घरच्या सुनेनं परक्या साहेबासमोर यायचं नाही म्हणाला. नोकरीचं खूळ डोक्यात भरणारी ही बाई पुन्हा आमच्या दारात नको, हेही म्हणाला. अधिकारी ओशाळून वही मिटायला लागला. तेवढ्यात सुमन आतून आली. कडेवर लहानगी होती, हाताला शेण. दिराच्या खांद्याच्या मागे उभी राहून तिनं सांगितलं.

“मले वेलांटी भेटली नाही, साहेब. बाकी सब्बन मले येत होतं.”

एवढंच बोलून ती आत गेली. अधिकाऱ्यानं मला विचारलं, ‘वेलांटी’ का मतलब? मी सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. लीलाबाई तोवर रस्त्याला लागल्या होत्या, बसच्या थांब्याच्या उलट दिशेनं. रामभाऊ त्यांच्या मागे धावत गेले.

सुनावणीला बाई दिल्लीला गेल्या, एकदा नव्हे, पुष्कळदा. बरोबर रामभाऊ, शिदोरीला भाकरी आणि लाखोरीच्या डाळीची चटणी. मी गेले नाही, पण रामभाऊंनी, ज्यांना मी कधी सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं, परत आल्यावर मला सगळं सांगितलं. कंपनीकडून काळ्या कोटांची रांगच होती. त्यांचं म्हणणं असं की परक्या माणसाच्या हातून दुरुस्ती झाली, परके भाग बसले, तर यंत्र बिघडतं आणि बदनामी कंपनीची होते. हे बंधन ग्राहकाच्याच भल्यासाठी आहे. बाईंना दुभाष्या देऊ केला होता, तो त्यांनी नाकारला. त्या आपल्या तुमसरी हिंदीत म्हणाल्या, “साहब, बेटी ब्याह दी, तो मायकेवाले रोज आके चूल्हा नहीं देखते. मशीन हमने पैसा देके ली है. बिगड़ेगी तो हमारी बिगड़ेगी.” रामभाऊ म्हणाले, खालमानेनं लिहिणाऱ्या आयोगाच्या माणसानं तेव्हा मान वर केली.

तारखा पडत गेल्या. कोर्टात काम करून मला तारखांची सवय होती, तरी माझा संयम सुटायचा. त्या काळात लीलाबाईंच्या वर्गातल्या मशिनी एकेक करून बंद पडल्या. कंपनीच्या सगळ्या यंत्रांवर झाकणं, चालू फक्त पुण्याच्या दोन, आणि त्यांच्यापुढे पोरींची रांग. नवीन मुली येईनाशा झाल्या. गावात दुसरी संस्था निघाली, तिच्या पाटीवर कंपनीची अधिकृत खूण होती. बाई तरी रोज वेळेवर माडी उघडायच्या. बंद मशिनींवरची झाकणं काढून पुसायच्या आणि पुन्हा झाकायच्या.

आणि मग निकाल लागला. आम्ही जिंकलो. आदेश इंग्रजीत होता. मी माडीवर बसून तो बाईंना मराठीत सांगितला. मराठी मशीनबरोबर दुसरं काही गळ्यात मारायचं नाही. भाग मागेल त्याला द्यायचे. दुरुस्ती कुणाकडून करून घ्यायची ते ग्राहक ठरवील. कंपनीनं लिहून दिलं होतं की या प्रथा आपण आधीच बंद केल्या आहेत आणि यापुढेही पाळणार नाही. आपलं चुकलं, असं मात्र कुठे म्हटलेलं नव्हतं. कुणाचं काय गेलं, त्याची भरपाई हा या चौकशीचा विषयच नव्हता.

बाईंनी विचारलं, “सुमनचं नाव हाय का त्यात?”

मी पुन्हा पाहिलं. ‘एक उमेदवार’ असं होतं.

“हमीदचं?”

नव्हतं.

त्या उठून खिडकीशी गेल्या. मी म्हटलं, बाई, तुमच्यामुळे आता सगळ्यांना भाग मिळतील. त्या म्हणाल्या, “हो. सगळ्यायले भेटतीन.” त्या ‘सगळ्यायले’त विष होतं.

ते विष खोटं नव्हतं. ज्यांनी कॅलेंडरखाली बसून सही नाकारली, त्या सगळ्यांनी त्याच महिन्यात नागपूरहून भाग आणले, आपापले मेकॅनिक बोलावले. गोंदियाच्या त्या मालकांनी अभिनंदन म्हणून पेढ्यांचा पुडा एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला. लीलाबाईंनी त्याच कंडक्टरला थांबवून तो परत पाठवला. चिठ्ठीवर एकच ओळ टाइप केलेली होती. ‘आपला पुडा सहीअभावी परत.’

हल्ली पेपरात वाचते की कॉम्प्युटरच्या, मोबाइलच्या जगावर बसलेल्या कंपन्यांना देशोदेशीचे आयोग जाब विचारतात, आणि त्या कंपन्याही सांगतात की बंधन ग्राहकाच्या भल्यासाठी आहे. लोकांना ते नवीन वाटतं. मला टिपणीसांचा मृदू आवाज ऐकू येतो. दंडाचे आकडे छापून येतात, खाली बातमी संपते. ज्याचं वर्ष मध्येच गेलं त्याचं पुढे काय झालं, हे कुणी छापत नाही. उशिरा मिळालेल्या न्यायाला लोक न्यायच म्हणतात, कारण ज्याच्यासाठी तो उशीर झाला ते दुसरं कुणी असतं.

मला लीलाबाईंचं शेवटचं दर्शन झालं ते ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा. माझी बदली आधीच भंडाऱ्याला झाली होती, एका कामासाठी तुमसरला आले होते. बाजारात पताका लागलेल्या. पहिला कॉम्प्युटर वर्ग निघत होता आणि उद्घाटनाला लीलाबाईंना बोलावलं होतं. वर्ग काढणारा तरुण त्यांचाच जुना विद्यार्थी, पाया पडून त्यांना पुढे घेऊन आला. त्या थकल्या होत्या. रामभाऊ आदल्या वर्षी गेले होते. दाराला लाल फीत, ताटात कात्री, समोर खुर्च्यांवर तहसीलदार आणि गावातली मंडळी.

बाईंनी कात्री उचलली आणि काचेतून आत पाहिलं. टेबलावर पांढऱ्या पेट्या होत्या, प्लॅस्टिकची झाकणं घातलेल्या.

“बिघडला त कोन नीट करन रे?” त्यांनी विचारलं.

“कंपनीचा माणूस येतो जी, नागपूरहून.”

“दुसऱ्या कोनाकडून केला त?”

पोरगा हसला. तसं चालत नाही म्हणाला, कंपनीचा नियम आहे, करारातच आहे.

“अन् तो आला नाही त पोट्टे काय करतीन?”

 मागून कुणीतरी म्हणालं की बाई, मुहूर्त जाऊन राहिला. लीलाबाईंनी कात्री ताटात परत ठेवली नाही आणि फीतही कापली नाही. “माह्या पोट्ट्या इथं शिकाले येतीन,” त्या म्हणाल्या. “पोट्ट्यायचं नुकसान होनार नाही, असं मले लिहून दे. मंग कापतो.”

कुणीतरी खुर्ची पुढे केली. ती त्यांनी नेमकी दाराच्या मध्यात ठेवून घेतली आणि बसल्या. माझी भंडाऱ्याची गाडी सुटायला आली होती. मी हाक मारली, त्यांनी मान हलवून मला जा म्हटलं. कोपऱ्यावरून वळून पाहिलं तेव्हा तहसीलदार घड्याळ बघत होते, पोरगा शेजारच्या दुकानात कागद मागत होता, आणि लीलाबाई कात्री मांडीवर घेऊन उन्हात बसल्या होत्या, काही घाई नसल्यासारख्या.